पाणी अजून यायचंय

गेल्या वर्षीच्या सभेत शंभरेक जाणकारांसमोर मी जाहीर केलं, की जुन्या खंडांच्या मुळाशी, जमिनीखाली दोनशे किलोमीटरवर, दगडात भरपूर पाणी आहे. आवाज खणखणीत होता, बूट पॉलिश केलेले होते. घोळ एवढाच झाला, की ते पाणी नव्हतं. डिंक होता.

पाणी म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे, हे आधीच सांगतो. माझ्या संशोधनाचा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई म्हणाली होती, "मग शेजारच्यांना बोअर कुठे मारायची ते तरी सांग." मी म्हटलं, "अगं, दोनशे किलोमीटर खाली." तर म्हणते, "एवढा पाइप कुठला मिळायचा बाबा!" आमच्या गावच्या शाळेत सरांनी शिकवलं होतं, की खाली सगळा लाव्हा उकळतोय. तेही खरं नाही. खाली घट्ट दगड आहे, पण तो दगड वाहतो, वर्षाला आपली नखं वाढतात तेवढा. त्याच्या स्फटिकांत पाण्याचा अंश अडकलेला असला तर तो मऊ पडतो, ताणला जातो. नसला तर अडून बसतो. हा अंश दहा लाखांत पन्नास भाग निघाला, तरी आमच्यात चंगळ समजतात. जुन्या खंडांची मुळं तीन अब्ज वर्षं जागची हलली नाहीत, कारण ती तळाला कोरडी आहेत, असं आमच्या मॅडमचं मत. आणि त्यांचाच विद्यार्थी व्यासपीठावरून सांगत होता, की नाही हो, चिंब आहेत.

पहिल्या रांगेतले पांढऱ्या दाढीचे एक पाहुणे उठले. म्हणाले, "आलेख इथेच का कापलाय? पलीकडचा भाग दाखवा ना जरा."

मी आलेख कापला होता, कारण पाण्याची खूण दिसते तेवढाच तुकडा मला हवा होता. पलीकडचा भाग उघडला, तर तिथे कान टवकारलेल्या सशासारखी दोन शिखरं उभी.

"हा डिंक आहे," पाहुणे अगदी मायेने म्हणाले. "दगडाच्या भेगांत राहून गेलाय. तुम्ही खंडाचं मूळ नाही मोजलंत, डिंकाची बाटली मोजलीत."

सभागृह हसलं. हसण्याला माझी हरकत नव्हती, मीही दुसऱ्यांना पुष्कळदा हसलोय. पण त्या हशात मी जे बोललो, ते मला अजून रात्रंदिवस ऐकू येतं. मी म्हणालो, "सर, दगडाचे काप आमच्याकडे तळघरातून तयार होऊन येतात. तिथे साफ करताना काही राहिलं असावं."

आणि तळघर शेवटच्या रांगेत बसलं होतं. इस्त्रीच्या निळ्या शर्टात, मांडीवर दोन्ही हात ठेवून. त्यांना मीच आग्रहाने बोलावलं होतं, "काका, चला, तुम्ही केलेल्या कापांचे फोटो पडद्यावर लागणार आहेत," असं सांगून.

सगळ्या माना मागे वळल्या. काकांनी मान खाली घातली नाही. ते पडद्याकडेच बघत राहिले. पडद्यावर अजून ते दोन ससे होते.

त्यांना सगळे मायक्रॉनकाका म्हणतात. दगड मोजायचा तर साध्या माणसाला सेंटिमीटर पुरतो. काकांना मायक्रॉन लागतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दगडातून उजेड आरपार जावा म्हणून त्याचा काप तीस मायक्रॉनपर्यंत घासावा लागतो. यंत्र काकांना ऐंशीपर्यंत नेऊन सोडतं. पुढचं काम काचेवर पावडर टाकून, बोटांनी, गोल गोल फिरवत. जाडी किती राहिली हे ते अंगठ्यानेच ओळखतात. मी एकदा परीक्षा घ्यायची म्हणून मापन यंत्र घेऊन शेजारी बसलो होतो. काका म्हणाले, "पस्तीस." यंत्र म्हणालं, छत्तीस. काका म्हणाले, "यंत्र दाखवून आण एकदा."

एकतीस वर्षं असं घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्यात. दाराशी अंगठ्याचं हजेरी यंत्र बसवलं, तेव्हा सगळ्यांचे अंगठे घेतले, काकांचा काही उमटेना. यंत्र प्रत्येक वेळी म्हणे, व्यक्ती आढळली नाही. शेवटी कार्यालयाने त्यांच्या एकट्यासाठी सहीची वही ठेवली. काका सही करताना रोज यंत्राला म्हणत, "आलो रे बाबा, नाही दिसलो तरी."

मुळात ते या खात्यात आले तेच चुकून. मामांच्या दुकानात अंगठीतले खडे घासायचे. आमच्या खात्यातल्या एका सूक्ष्मदर्शकाचं भिंग खरवडलं होतं, ते चकचकीत करून द्यायला आले आणि राहिले. मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, तीही कापच करते, शरीरातल्या गाठींचे. बापलेकींचं यावरून कायम जुंपलेलं.

"माझा चार मायक्रॉनचा, बाबा."

"तुझं मऊ असतं गं. चार मायक्रॉनचा दगड करून दाखव, मग बोल."

"तुमच्या दगडाला घाई नसते. माझा पेशंट बाहेर बसलेला असतो."

यावर काका गप्प बसत. त्यांना गप्प करणारं एवढं एकच माणूस.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. माझे काप जाड लागतात, आणि दोन्ही बाजूंनी घासलेले. एक बाजू झाली, की मेणासारख्या वितळणाऱ्या डिंकाने ती काचेवर चिकटवायची, दुसरी घासायची, मग काप सोडवून दोन दिवस द्रावणात भिजत ठेवायचा, म्हणजे भेगाभेगांतला डिंक निघून जातो. सभेला चार दिवस उरले होते आणि माझे तीन काप तळघरात अडकले होते. मॅडम परदेशी. काका रजेवर, काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. फळीवर तिन्ही काप काचेसकट पुडीत ठेवलेले, पुडीवर काकांच्या अक्षरात: "७, ११, १४. पाणी अजून यायचंय. थांबा."

तळघराच्या नळाला दहा ते बारा पाणी येतं. घासायच्या यंत्राला पाणी लागतं. काकांच्या दारावर निम्मा वेळ "पाणी यायचंय" अशी पाटी असते. मी म्हटलं, नळाची वाट बघत मी का थांबू? काप काचेसकट गरम तव्यावर ठेवले, डिंक वितळला, काप सरकवून काढले, द्रावणाने वरवर पुसले आणि पाण्याचा अंश मोजायच्या यंत्राखाली सरकवले. आलेख जरा खडबडीत आला. तो मी संगणकावर गुळगुळीत केला. काका एकतीस वर्षं बोटं झिजवून जे करत होते, ते मी एक बटण दाबून केलं, आणि वर स्वतःवर खूश झालो.

म्हणजे डिंक काकांनी ठेवला नव्हता. साफ करायची पाळी मी येऊच दिली नव्हती. हे सभागृहात मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मनात मी एक वकील उभा केला होता. तो म्हणत होता, पुडीवर डिंकाबद्दल कुठे काय लिहिलं होतं? नळाबद्दल लिहिलं होतं. त्या वकिलाच्या जिवावर मी आठ दिवस जेवलो.

सभेनंतर मॅडमनी काकांना वर बोलावलं. मी दाराबाहेर व्हरांड्यात, सूचना फलक वाचत असल्याचं सोंग करून.

"काका, एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"नाही झालं, मॅडम."

"काही अडचण होती का? घरचं काही?"

"तसं काही नाही."

एवढंच. माझं नाव निघालं नाही. दार उघडायच्या आत मी जिन्यावर होतो.

मग मॅडमनी लिंबूचा निर्णय घेतला. लिंबू हा आमच्याकडचा सगळ्यात खोलवरचा दगड, एकशे नव्वद किलोमीटरवरून कुठल्याशा जुन्या ज्वालामुखीबरोबर वर आलेला, आणि आकाराने खरंच लिंबाएवढा. हिरव्यावर लाल ठिपके, ते ठिपकेही गोल नव्हेत, ओढून लांबवलेले. खाली कधीतरी या दगडाला कशाने तरी ताणलं होतं. कोणत्या दिशेने ताणलं ते कळायचं, तर नेमका त्या ओढीच्या रेषेत काप घ्यायला हवा. दगड एवढासा, पहिली चीर एकदाच. चुकला की संपलं. तो दोन वर्षं कपाटात होता आणि दोन वर्षं काका आठवड्यातून एकदा येऊन, ओल्या स्पंजने पुसून, तळहातावर फिरवून बघून जात. "याची ओढ सापडत आलीय," म्हणत. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. "लिंबू कापतो आणि घरी जातो," असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मॅडमनी लिंबू बाहेरच्या एका प्रयोगशाळेत कापायला पाठवायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "वाईट वाटतं, पण आता धोका नको. पॅकिंग तू कर."

पॅकिंग मी केलं. फोम, दोन खोकी, वर "नाजूक". एकशे नव्वद किलोमीटर वर उसळताना जो फुटला नाही, त्याच्यावर मी नाजूक लिहिलं.

खाली गेलो तर काकांनी माझ्या जुन्या कामाच्या पुड्या पुढे केल्या. दोन्ही हातांनी. "घ्या. तुमचे सगळे झाले. तपासून घ्या."

तोवर मला काका "तू" म्हणत. "काय रे डॉक्टर, अजून डॉक्टर झाला नाहीस?" हा त्यांचा रोजचा नमस्कार. त्या दिवशी "तुम्ही". एवढा आदर मला जन्मात कुणी दिला नव्हता, आणि एवढी सणसणीत कानाखालीही.

पुढच्या आठवड्यात ते दोन दिवस आले नाहीत. काकूंच्या डोळ्याची तपासणी, असं कळलं. मी घरी गेलो. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं तर त्यांनी परत "तू" म्हणावं, एवढ्यासाठी गेलो होतो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काका औषधाच्या दुकानात गेले होते. काकू काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. मी नाव सांगताच त्या उठायला लागल्या.

"अहो बसा, तुम्हीच का ते! तुमच्या कार्यक्रमाला हे गेले होते ना? शर्टाला दोनदा इस्त्री करून घेतली माझ्याकडून, एका डोळ्यावर पट्टी असताना. येऊन सांगितलं, फोटो मोठ्ठे दाखवले म्हणे पडद्यावर, टाळ्या पडल्या. एकतीस वर्षांत तुम्ही पहिलेच बघा, यांना वर बसवणारे."

मी पाणी मागितलं.

मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि हसत म्हणाली, "नशीब, मी विचारलं नाही कुठलं पाणी. आमच्या घरात विचारावं लागतं."

"म्हणजे?"

"बाबांचं पाणी वेगळं ना. मामाआजोबांच्या दुकानातला शब्द. खड्याला चमक चढली की पाणी आलं. लहानपणी बाबा घासत बसलेले असायचे, म्हणायचे, पाणी यायचंय अजून. मी शहाणी, तांब्या भरून नेऊन ठेवायची. ते म्हणायचे, अगं, ट्यूबलाइट बघ दगडात. कडा सरळ दिसली की पाणी आलं, वाकडी दिसली की नाही. पाणी आल्याशिवाय काप हलवायचा नाही, धुवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही."

ती आत गेली. मी ग्लास धरून बसलो. माझ्या मनातल्या वकिलाने तेवढ्यात कोट उचलला आणि निघून गेला. पुडीवर सगळं लिहिलेलं होतं. चमक आलेली नाही, काम अर्धं आहे, थांबा. हिऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलंय, निबंधातही ठोकलंय. पाण्यावर तीन वर्षं संशोधन करणाऱ्या माणसाला तेवढा एक अर्थ आठवला नाही. आणि नसेल आठवला, तरी "थांबा" या शब्दाला दुसरा कुठला अर्थ आहे?

काका आले. मला बघून दारातच क्षणभर थांबले. मग काकूंकडे एकदा बघून मोठ्याने म्हणाले, "अरे वा, तुम्ही! चहा दिला की नाही यांना?" मी ओळखलं, घरात विषय काढायचा नाही. चहा घेतला. माफी आणली होती तशी परत घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मॅडमच्या दारात उभा होतो. अकराला कुरिअरवाला यायचा होता. सगळं सांगितलं. पुडी, तवा, गुळगुळीत केलेला आलेख. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठ दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास." एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

खोकं त्यांनी स्वतः फोडलं. लिंबू रुमालात घेऊन त्या तळघरात उतरल्या. या बाई तळघरात गेलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मागे मी.

"काका, हा तुम्हीच कापायचा. माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं."

काकांनी हात धुतले, पुसले, मग दगड घेतला. "ठेवतो," म्हणाले. जणू कुणी दळण टाकून गेलंय.

पण मॅडम गेल्यावर त्यांनी लिंबू ओल्या स्पंजने पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि फिरवायला लागले. एवढंसं, परत एवढंसं. पेन्सिलीने रेघ काढली, पुसली, केसभर तिरपी परत काढली. त्या दिवशी कापलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दहाला नळ आला, तसं त्यांनी पातं सुरू केलं. दगडावर पाण्याची धार, त्यातून हिरवट गाळ. मी दारात उभा. वीस मिनिटांनी दोन फाका ओट्यावर आल्या. चिरलेल्या बाजूवर लाल ठिपके एका रांगेत लांबवर पसरलेले, सगळ्यांची तोंडं एकीकडे. रेघ अचूक ओढीवर पडली होती.

"आत या," काका म्हणाले. "दारात उजेड अडतोय."

मी आत गेलो. म्हटलं, "काका, माझी चूक झाली."

"झाली नाही," ते काप पुसत म्हणाले. "पाऊस होतो, उशीर होतो. चूक करावी लागते."

"केली. मी केली."

"हं. मॅडमना सांगितलंत, बरं केलंत. पण मी ते मॅडमच्या खोलीत नव्हतं ऐकलं. सभागृहात ऐकलं, शंभर माणसांत. त्यातली पन्नास माझ्याकडे दगड पाठवणारी." त्यांनी काप खाली ठेवला. "मी काय मागत नाही. पुढच्या सभेत उभे राहाल, तेव्हा एवढं एक वाक्य तिथे म्हणा. केली म्हणा. झाली नको."

"नक्की काका."

"बघू," ते म्हणाले आणि पावडरीचा डबा उघडला.

चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. लिंबूचे सहा काप त्यांनी करून दिले, सहाही असे, की ट्यूबलाइट त्यांत आखून काढल्यासारखी दिसावी. सहीची वही कार्यालयाने बंद केली.

यंदाची सभा गेल्या महिन्यात झाली. लिंबूचे निकाल मी मांडले. पाण्याचा अंश जवळपास शून्य. खालून ताण पडलेला, स्फटिक सगळे एका दिशेला वळलेले, तरीही दगड अडून बसलेला. मॅडमचं बरोबर निघालं. ते वाक्य मी कागदावर लिहून नेलं होतं: "गेल्या वर्षी काप अर्धवट असताना मी उचलले, आणि चूक मी केली." पांढऱ्या दाढीचे पाहुणे पहिल्याच रांगेत होते. मी कागद बघितला, घसा खाकरला आणि म्हणालो, "गेल्या वर्षी नमुने तयार करताना एक चूक झाली होती, ती आता दुरुस्त करण्यात आली आहे."

नमुने तयार करताना. ते कोण तयार करतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मी ते परत एकदा म्हणालो होतो, फक्त या वेळी जास्त शुद्ध भाषेत. टाळ्या पडल्या. खाली येऊन बसलो तेव्हा कागद घामाने ओला झाला होता.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "काय निघालं लिंबूचं?"

"कोरडा, काका. पार ठणठणीत. आणि ओढ तुम्ही म्हणालात तीच, एका अंशाचाही फरक नाही."

"वा," ते म्हणाले. मागे काकू कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगत होत्या.

वाक्याचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. "या घरी कधीतरी," म्हणाले. अजून "या"च.

पुढच्या सभेसाठी मी नाव दिलंय. दहा मिनिटं नकोत, एकच मिनिट द्या, असं लिहिलंय. आयोजकांनी उलट विचारलंय, विषय काय. तिथे काय लिहू, ते ठरत नाहीये.